ताप उतरल्यानंतरचे महिने : प्रस्तावना

हे पुस्तक ताप उतरलेल्या माणसांसाठी आहे. ज्यांचा खोकला थांबला, प्लेटलेट वर आल्या, रिपोर्ट चांगले आले, ‘आता काही नाही’ असं सांगून ज्यांना घरी पाठवलं, आणि ज्यांचं डोकं मात्र अजून ताळ्यावर आलेलं नाही, त्यांच्यासाठी.

अशी माणसं दवाखान्यात येतात तेव्हा तक्रार सांगतानाही चाचरतात. कुठे दुखतंय विचारलं तर त्यांना बोट ठेवायला जागा नसते. पतपेढीतला कॅशियर नोटांचं एकच बंडल पुन्हा पुन्हा मोजतो आणि तरी त्याची खात्री पटत नाही. आयुष्यभर वर्ग घेतलेल्या बाईंना फळ्यासमोर उभं राहिल्यावर साधा शब्द सापडत नाही. ओठांवर येतो आणि तिथेच अडतो. घरातली सून आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून चाखून पाहते, पण तोंडाची चवही अजून आलेली नसते. बारावीचा मुलगा पुस्तक उघडून बसतो आणि तासाभराने त्याच पानावर असतो. ‘डोकं जड झालंय’, ‘काही सुचत नाही’, ‘डोकं चालतच नाही’ असं ही माणसं सांगतात. शहरातले आता ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. आणि बरोबर आलेलं माणूस केसपेपर काढायला बाहेर गेलं की हळूच विचारतात, ‘डॉक्टर, मला वेड तर लागत नाही ना?’

नाही. वेड लागत नाही, आळस अंगात शिरलेला नाही, मन दुबळं झालेलं नाही. विषाणूच्या आजारानंतर काही माणसांच्या मेंदूचं काम काही काळ मंदावतं. त्याला शरीरातली कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी आता दिसू लागली आहेत. बहुतेक माणसं यातून बाहेर येतात. पण ती कशी आणि किती लवकर येतात, हे या मधल्या महिन्यांत त्यांचं जगणं कसं चालतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. या मधल्या काळाला आपल्याकडे पूर्वी मान होता. ‘दुखण्यातून उठलाय, त्याला जपा’ असं घरातली वडील माणसं सांगायची आणि घर ते ऐकायचं. आजारी आणि बरा यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, तिला वेगळं खाणं, वेगळी झोप, वेगळा दिनक्रम लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज ती अवस्थाच आपण पुसून टाकली आहे. औषधांचा कोर्स संपतो त्या दिवशी माणूस कामावर हजर हवा असतो. ही तिसरी अवस्था तिच्या सगळ्या शिस्तीसह परत मिळावी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

कोविडमुळे हा विषय सगळ्यांच्या कानांवर आला, पण तो कोविडने जन्माला घातलेला नाही. १८८९ साली ‘रशियन फ्लू’ म्हणून ओळखली गेलेली साथ युरोपभर पसरली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तापानंतर महिनोन्‌महिने टिकणारा थकवा, झोपेची मोडतोड आणि डोक्याचा मंदपणा नोंदवून ठेवला आहे. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांनी निद्रारोगासारख्या एका विलक्षण मेंदूज्वराचं वर्णन केलं. त्याचं कारण आजही निश्चित झालेलं नाही, पण त्यातून वाचलेल्या कित्येकांचे मेंदू पुढे दशकानुदशकं जखडून राहिले. ते टोकाचं उदाहरण झालं. आपल्या विषयाच्या अगदी जवळची घटना लंडनची आहे. १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्सेस, कर्मचारी असे जवळपास तीनशे लोक एका विचित्र आजाराने पडले आणि काही आठवडे हॉस्पिटलच बंद ठेवावं लागलं. विषाणू सापडला नाही. आजार ओसरल्यावरही अनेकांचा थकवा आणि एकाग्रतेचा अभाव गेला नाही. तिथले संसर्गरोगतज्ज्ञ मेल्व्हिन रॅम्से हे पुढे आयुष्यभर या रुग्णांच्या बाजूने उभे राहिले. पण १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून निष्कर्ष काढला की हा सगळा सामूहिक उन्माद होता. त्यांच्या एका मोठ्या आधाराचं स्वरूप असं, की रुग्णांमध्ये बायका जास्त होत्या! त्या निष्कर्षाने पुढच्या कितीतरी रुग्णांचं नुकसान केलं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे सगळं मनाचं आहे’ हे वाक्य आजही दवाखान्यांतून ऐकू येतं, त्याची एक मुळी तिथवर जाते.

या वाक्याला सर्वांत नेमकं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या छोट्या शहरातून मिळालं. तिथल्या संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ लोकांचा पहिल्या दिवसांपासून पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन संसर्गांपैकी दोन विषाणूंचे होते, एक जिवाणूचा. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोकांना थकवा, अंगदुखी, झोपेचा त्रास आणि डोकं न चालणं हे सगळं एकत्र होतं. जंतू वेगळे असूनही मागे राहिलेलं दुखणं जवळजवळ सारखं होतं. आणि ते कोणाच्या वाट्याला येईल याचा अंदाज स्वभावावरून किंवा पूर्वीच्या मानसिक त्रासावरून येत नव्हता, सुरुवातीचा आजार किती जोराचा होता यावरून येत होता. या तीन जंतूंतला रॉस रिव्हर विषाणू हा आपल्या चिकनगुनियाचा जवळचा नातेवाईक आहे, म्हणून मला डब्बोचा अभ्यास परक्या देशाचा वाटत नाही.

चिकनगुनियाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये असा परतला की गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. त्या साथीतले म्हातारे भिंतीला धरून चालताना मी पाहिले आहेत. आम्ही डॉक्टर त्यांना गुडघ्यांबद्दल विचारत होतो, घोट्यांबद्दल विचारत होतो. डोक्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. हिशेब चुकतो, शिलाईचं माप लक्षात राहत नाही, रात्री झोप लागत नाही असं लोक सांगायचे, आणि ते सांधेदुखीच्या खात्यात जमा व्हायचं.

चित्र पालटलं ते रुग्णांनी स्वतः बोलायला सुरुवात केल्यामुळे. कोविडनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या आजाराला ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये इटलीच्या एलिझा पेरेगो यांनी दिलं. त्या पुरातत्त्वज्ञ आहेत आणि स्वतः या आजारातून जात होत्या. रुग्णांनीच उभ्या केलेल्या एका संशोधकगटाने ५६ देशांतल्या ३,७६२ लोकांची माहिती गोळा करून २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा विस्मरण आणि डोकं न चालणं हा अपवाद नसून सर्वांत सार्वत्रिक त्रासांपैकी एक आहे हे कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली आणि विचारशक्तीतली घट तिच्या मुख्य लक्षणांमध्ये घेतली. ‘मला काहीतरी होतंय’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात त्यामुळे एक कागद आला. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना अशा कागदाची किंमत समजेल.

मेंदूत घडतं काय? सगळं उलगडलेलं नाही, पण काही धागे पक्के आहेत. एक सर्वसाधारण गैरसमज असा, की डोकं चालत नाही म्हणजे विषाणू मेंदूत शिरला. बहुतेक वेळा तसं नसतं. स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्ये आणि येलच्या अकिको इवासाकी यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं, की उंदरांमध्ये केवळ श्वसनमार्गापुरता सौम्य कोविड असला आणि मेंदूत विषाणू सापडला नाही, तरी मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी अनेक आठवडे खवळलेल्या राहतात. एरवी या पेशी मेंदूची साफसफाई आणि राखण करतात. खवळल्या की त्यांच्या आसपास नव्या चेतापेशी तयार होणं मंदावतं आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण विरळ होतं. संदेश जातात, पण रेंगाळत जातात. मोन्ये यांनी हाच प्रकार आधी केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांच्या संदर्भात अभ्यासला होता, म्हणून त्यांना तो चटकन ओळखू आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांना २०२४ मध्ये असं दिसलं, की ज्या रुग्णांना डोकं न चालण्याचा त्रास होता त्यांच्यात रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा गळका झालेला होता.

ऑक्सफर्डच्या एका अभ्यासाचा मी मुद्दाम उल्लेख करते, कारण त्याच्या बातम्यांनी माणसं घाबरली. ब्रिटनमधल्या ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन महासाथीआधी काढलेले होते. पुन्हा काढले तेव्हा त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड होऊन गेला होता. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत, विशेषतः वासाशी जोडलेल्या भागांत, बाकीच्यांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त झीज दिसली. ‘कोविडने मेंदू आकसतो’ असे मथळे आले. त्या मथळ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत : ही मंडळी ५१ ते ८१ वर्षांची होती, आणि हे गटाचे सरासरी फरक होते, कोण्या एका माणसाचं भविष्य नव्हे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या चाचण्या घेऊन २०२४ मध्ये जे मांडलं ते मला जास्त उपयोगाचं वाटतं. ज्यांचा त्रास अजून चालू होता ते संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत बुद्ध्यंकाच्या मापात सरासरी सहा गुणांनी मागे होते. ज्यांचा त्रास दीर्घकाळ रेंगाळून अखेर थांबला होता त्यांच्यातली घट मात्र, सुरुवातीलाच लवकर बरे झालेल्यांइतकी, म्हणजे साधारण तीन गुणांची होती. लांबलेलं दुखणं संपल्यावर डोकंही बऱ्याच अंशी मोकळं होतं, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते आणि रुग्णांना तसंच सांगते.

आता उपायांकडे. पण त्याआधी तपासणी, आणि याबाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. तापानंतर डोकं चालत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं कारण विषाणू नसतं. आपल्या देशात तर नसतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शाकाहारी घरांत हे प्रमाण मोठं असतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ घटतं. आधीच काठावर असलेला माणूस तापाच्या दोन आठवड्यांत काठावरून खाली येतो. म्हणून हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व या तपासण्या पहिल्यांदा. विषाणूच्या आजारानंतर थायरॉइडला सूज येऊ शकते, हेही लक्षात असावं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याचीही चौकशी व्हावी. आणि एक साधी गोष्ट दवाखान्यातच करता येते : रुग्णाला शांत झोपवून नाडी मोजायची, मग उभं करून दहा मिनिटं मोजत राहायचं. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर उभं राहिल्यावर डोकं रितं होण्याचं कारण बऱ्याचदा तिथे सापडतं. त्यावर उपचार आहेत.

अचानक एका अंगाची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, ताप परत येऊन मान ताठणं, माणूस बरळू लागणं, यांतलं काहीही झालं तर हे पुस्तक बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावं. मन उदास राहत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्यासाठीही डॉक्टरांकडे जावं. शरीराचं कारण आहे म्हणून मनाचं दुखणं नसतंच, असं मी म्हणत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात आणि दोन्हींवर इलाज करायचा असतो.

तपासण्यांतून जे सापडेल ते दुरुस्त केल्यावरही बरीच माणसं उरतात. त्यांच्यासाठी आज तरी एकही खात्रीची गोळी नाही. इथून पुढे माणसाचा सगळा दिवस हाच उपचार होतो. पुस्तकाचा बहुतेक भाग या दिवसाबद्दल आहे. समग्र उपचार या नावाखाली बाजारात आज काय काय विकलं जातं ते मी पाहते : सात चूर्णं, तीन तेलं, रोज एक काढा, वर शरीरशुद्धीचं पॅकेज. थकलेल्या माणसाच्या अंगावर इतकं ओझं टाकणं मला क्रूर वाटतं. श्रम, झोप, श्वास, अन्न, माणसांची सोबत या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसवणं, आणि मेळ बसेल इतपतच करणं, एवढंच मला अभिप्रेत आहे.

यात श्रमाचा हिशेब सर्वांत आधी येतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. या रुग्णांपैकी अनेकांना श्रमाचा फटका ताबडतोब बसत नाही. आज बरं वाटलं म्हणून घर आवरलं, चार फोन केले, बाजारात जाऊन आलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. मग एक-दोन दिवसांनी माणूस असा कोसळतो की उठून बसवत नाही, आणि डोक्यात तर काहीच उमटत नाही. मधे दिवस गेल्यामुळे कारण आणि परिणाम यांची जोडी लागत नाही. अॅमस्टरडॅममध्ये २०२४ साली झालेल्या एका अभ्यासात लाँग कोविडच्या रुग्णांना जेमतेम दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवायला लावली आणि आधी-नंतर स्नायूंचे नमुने तपासले. श्रमानंतर त्यांच्या स्नायूंत इजा आणि ऊर्जानिर्मितीतला बिघाड वाढलेला दिसला. म्हणजे ‘थोडं अंग हलवा, आपोआप बरं वाटेल’ हा सल्ला अशा रुग्णाला अपाय करू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस २०२१ मध्ये मागे घेतली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय ज्वरावर आहे. ताप गेलेल्या माणसाने बळ परत येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि हिंडणंफिरणं टाळावं, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे, आणि न टाळल्यास ताप उलटतो असंही. चरकांना मायक्रोग्लिया ठाऊक होत्या असा दावा मी करणार नाही. पण उठत्या रुग्णाला त्यांनी नीट पाहिलं होतं.

उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की शहाणा शेतकरी जेवढं पाझरतं तेवढंच उपसतो आणि पुन्हा भरायला वेळ देतो. शक्तीचं तसंच करायचं. जमेल असं वाटतं त्याच्या साधारण निम्मंच करायचं आणि थकवा येण्याआधी थांबायचं. हे लिहायला दोन ओळी लागल्या, पण आचरणात आणायला हे फार कठीण आहे, कारण आपल्या घरांत थकण्याआधी थांबलेलं माणूस कामचुकार ठरतं. शिवाय डोक्याचे श्रम आपण श्रम म्हणून मोजतच नाही. अर्ध्या तासाची विचारपूस, मोबाइलवरचे तीस गट, टीव्हीचा आवाज आणि त्याच खोलीतल्या गप्पा, लग्नाचा हॉल, बँकेतला फॉर्म हे सगळं मेंदूला खर्चात पाडतं. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव एकूण ऊर्जेतला वीस टक्के वाटा नेतो. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांच्या मायेबद्दल मला आदर आहे, पण दहा मिनिटांत उठणं ही मायेची जास्त चांगली रीत आहे, आणि चहा रुग्णाने करायचा नाही. बाईमाणूस आजारी असेल तर हे शंभर वेळा सांगावं लागतं. ताप असेपर्यंत तिला आराम मिळतो. ताप उतरला की ओटा तिची वाट पाहत असतो. अशा घरात रुग्णाच्या आधी मी नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलते. दिवसाची नोंद ठेवायची वही आणि ती वाचायची पद्धत दुसऱ्या प्रकरणात दिली आहे.

झोपेबद्दल लोकांना वाटतं, दमलेला माणूस गाढ झोपत असेल. तसं होत नाही. दिवसभर डुलक्या आणि रात्री टक्क जाग, असा उलटा क्रम लागतो. उठण्याची वेळ ठरवून ती पाळणं, सकाळचं ऊन डोळ्यांना मिळणं, दुपारी पडणं पण वेळ लावून पडणं, संध्याकाळनंतर पडद्यांपासून दूर राहणं या गोष्टी साध्या आहेत, पण नेमाने केल्या तर काही आठवड्यांत फरक दिसतो.

श्वास आणि योग यांबाबत महाराष्ट्राकडे मोठा वारसा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचं प्रयोगशाळेत मोजमाप करायला सुरुवात केली. ती चिकित्सक वृत्ती आज कमी पडते. तापानंतर महिन्याभरात सूर्यनमस्कारांचा संकल्प करणारे, पहाटे कपालभाती आणि भस्त्रिका करून दुपारी आडवे होणारे रुग्ण माझ्याकडे येतात. या अवस्थेत जोराच्या क्रिया नकोत. शवासन, भिंतीला पाय टेकवून पडणं, उच्छ्वास लांबवत नेणारा संथ श्वास, हलकी भ्रामरी, एवढंच पुष्कळ दिवस पुरतं. इंग्लिश नॅशनल ऑपेराने डॉक्टरांच्या मदतीने कोविडनंतर धाप लागणाऱ्यांसाठी गाण्यातून श्वासाचा सराव देणारा कार्यक्रम केला. त्यात अंगाईगीतं वापरली होती. दीडशे रुग्णांवर केलेल्या रीतसर चाचणीत मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचं आणि धापेचा काही त्रास कमी झाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं; शारीरिक क्षमतेत मात्र तसा फरक दिसला नाही. त्या गाण्यांना जोडून माणसं एकत्र येत होती, याचाही वाटा असणारच. भजनी मंडळात बसून टाळ न वाजवता नुसतं गुणगुणणाऱ्या रुग्णाला मी कधी अडवलेलं नाही.

अन्नाचं प्रकरण मोठं झालं आहे, कारण आपल्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पातळ पेजेपासून मऊ भाताकडे, मुगाच्या कढणाकडे आणि मग नेहमीच्या जेवणाकडे पायरीपायरीने जाण्याचा क्रम आयुर्वेदाने घालून दिला आहे, आणि कोकणातल्या घरांत तो पुस्तक न वाचता पाळला जातो. त्यात एकच भर हवी : पेजेवर महिना काढू नये. झिजलेल्या शरीराला प्रथिनं लागतात. डाळी, उसळी, दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडी आणि मासे, थोडं थोडं आणि रोज.

काढे आणि मुळ्यांविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. गुळवेल घरोघरी उकळली जात होती त्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वापरलेली वनस्पती गुळवेलच होती का हे नीट तपासलं नाही असं म्हटलं. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : दारात उगवलेला वेल कोणता हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही आणि किती घ्यायचा हेही ठाऊक नसतं. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांना आयुर्वेदिक उपचार घ्यायचे आहेत त्यांनी शिकलेल्या वैद्यांकडून घ्यावेत, आणि आपल्या इतर डॉक्टरांपासून ते लपवू नयेत. ताकदीच्या सलाईनबद्दलही स्पष्ट सांगते. बी-१२ कमी असेल तर इंजेक्शनचा उपयोग होतो. कमी नसेल तर पैसे जातात आणि माणूस खाटेवर दोन तास शांत पडतो, त्या शांततेचाच काय तो फायदा.

डोक्याला व्यायाम म्हणून मोबाइलवर कोडी सोडवणाऱ्यांची निराशा करावी लागते. अमेरिकेच्या ‘रिकव्हर’ या मोठ्या प्रकल्पात संगणकावरचं मेंदूचं प्रशिक्षण आणि डोक्याला सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार तपासले गेले. तुलनेसाठीच्या गटांपेक्षा त्यांतून अधिक लाभ दिसला नाही. मग करायचं काय, तर डोक्यावरचा भार कमी करायचा. एका वेळी एकच काम. गोष्टी लक्षात ठेवण्याऐवजी लिहून ठेवायच्या. गॅसजवळ पाटी, औषधांना डबी, किल्लीला खुंटी. महत्त्वाची कामं ज्या प्रहरी डोकं स्वच्छ असतं त्या प्रहरी. कामावर परतायचं तर आधी अर्धा दिवस, आणि तोही जमेल तितके आठवडे. मालकांनी आणि मुख्याध्यापकांनी एवढी सोय केली तर कित्येकांच्या नोकऱ्या आणि वर्षं वाचतील. बारावीच्या मुलाला क्लासच्या चार तासांऐवजी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका द्या, असं सांगितल्यावर पालकांचे चेहरे उतरतात. पण चार तासांत एक पान पुढे न सरकणारा मुलगा वीस मिनिटांत दोन पानं वाचतो, हे त्यांना काही दिवसांत दिसतं.

किती दिवस लागतील, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काहींना तीन महिने, काहींना वर्ष, थोड्यांना त्याहून जास्त. मधे चढउतार असणारच. या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी केली तर निराशा येते. तीन महिन्यांपूर्वीच्या वहीशी केली तर बहुतेकांना आपण पुढे आलो आहोत हे दिसतं. ज्यांना वर्षानंतरही दिसत नाही, त्यांना मी सोडून दिलेलं नाही. शेवटची दोन प्रकरणं त्यांच्यासाठीच आहेत. मोठ्या रुग्णालयांत कोणत्या विभागात जावं, कोणते कागद बरोबर न्यावेत, रजा आणि सवलतींसाठी डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावं, हे तिथे दिलं आहे.

वाचण्याविषयी थोडं. ज्याचं डोकं दमलेलं आहे त्याला पुस्तक वाचायला सांगणं विचित्र आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून अक्षर मोठं ठेवलं आहे, परिच्छेद लहान ठेवले आहेत, आणि ही प्रस्तावना वगळता कोणताही भाग तीन-चार पानांपेक्षा लांब नाही. एका दिवसात एकच भाग वाचावा. डोळे शिणत असतील तर कोणाकडून तरी वाचून घ्यावा. पहिलं प्रकरण रुग्णाने वाचायचं नाही. ते त्याच्या घरच्यांसाठी आहे आणि त्यांनी ते आज रात्रीच वाचावं.